पौरुष आणि पारुष्य
(गीतेचा सोळावा अध्याय आणि चंबळच्या खोऱ्यातील शस्त्रत्याग)



गेल्या महिन्यात आपल्या मंदिराच्या सभामंडपात सायंआरतीनंतर श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाचे वाचन झाले. दैवी संपत्तीच्या गुणांचे विवरण संपताच एका वयोवृद्ध गृहस्थांनी प्रश्न केला, "अहिंसा, अक्रोध, मार्दव हे सारे साधुसंतांना शोभते. परंतु ज्याला चार माणसांचा संसार ओढावयाचा आहे, त्याने अक्रोध धरला तर जग त्याला बोटावर नाचवील. पुरुषाच्या अंगी थोडा कडकपणा हवाच. यावर शास्त्राचे म्हणणे काय?" मंडपातील बहुतेक पुरुषांनी माना डोलावल्या. मागच्या बाजूस बसलेल्या स्त्रियांपैकी कोणी काही बोलले नाही. ती. अण्णांनी पोथी मिटली आणि मजकडे वळून म्हणाले, "याचे उत्तर तू लिहून आण."

मी पुजाऱ्याचा मुलगा. माझे शिक्षण शाळेपुरतेच झाले. शास्त्रार्थ करण्याचा अधिकार मजपाशी नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःलाच हवे होते. ते का, हे पुढे ओघाने येईल.

शब्दविचार

सोळाव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्यस्वभावाच्या दोन संपत्ती सांगितल्या आहेत, एक दैवी व दुसरी आसुरी. दैवी संपत्तीत एकंदर २६ गुण मोजले जातात. त्या मालिकेचा आरंभ अभयाने होतो, मध्ये अहिंसा व अक्रोध येतात, आणि शेवटी निरभिमानता येते. आसुरी संपत्तीची यादी त्या मानाने अगदी लहान आहे. तिच्यात दंभ, दर्प, अभिमान, क्रोध आणि अज्ञान यांच्या पंक्तीला आणखी एक शब्द बसलेला आहे, तो म्हणजे 'पारुष्य'.

आपली गल्लत होते ती येथेच. 'पौरुष' आणि 'पारुष्य' हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचे कूळ निराळे आहे. पौरुष हा शब्द 'पुरुष' या शब्दापासून झाला. पराक्रम, उद्योग, स्वतःच्या बळावर उभे राहणे हा त्याचा अर्थ. पारुष्य हा शब्द 'परुष' या विशेषणापासून झाला. परुष म्हणजे खरखरीत, रूक्ष, कठोर. ज्याची वाणी लागते, ज्याचा स्पर्श खुपतो, ज्याच्या येण्याने घर गप्प होते, त्याच्या अंगी पारुष्य आहे. ते पुरुषाच्या ठायी असेल, स्त्रीच्या ठायीही असेल. पुरुषत्वाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलग्यांना पारुष्य शिकवतो आणि त्याला पौरुष म्हणतो.

आता शंका अशी येईल की, शब्दांची फोड करून व्यवहार कसा चालेल? म्हणून व्यवहारातलेच एक उदाहरण घेऊ, आणि तेही लांबचे नको. आपल्या ग्वाल्हेरपासून मुरैना सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. शस्त्राच्या आधारावर ज्यांचे सारे आयुष्य उभे होते, अशा माणसांनी त्याच भागात अहिंसेपुढे शस्त्र खाली ठेवले.

खोऱ्यातील हकीकत

चंबळ नदीकाठचे बीहड आपल्यापैकी अनेकांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिले असतील. पावसाच्या पाण्याने माती कापून कापून तेथे घळींचे असे जाळे झाले आहे की, त्यात शिरलेला माणूस बाहेरच्यास सापडत नाही. त्या घळींत राहून लूटमार, खून व अपहरण करणारे लोक स्वतःला डाकू म्हणवीत नसत. ते स्वतःस 'बागी' म्हणवीत. जमिनीच्या बांधावरून तंटा व्हावा, घराण्याचा अपमान व्हावा, न्याय मिळण्याची आशा सुटावी, त्यातून एखादा खून घडावा, आणि मग परतीची वाट बंद झाल्याने माणसाने बीहडात उतरावे, असा तेथील कित्येकांचा क्रम होता. अपमानाचा सूड घेतला नाही तर पुरुष म्हणून तोंड दाखवता येणार नाही, ही समजूत त्याच्या मुळाशी होती. मात्र त्यांचे गुण गाण्याचे कारण नाही. त्यांच्या बंदुकीने मेलेल्यांच्या घरीही बायकामुले होती, आणि त्यांच्या दुःखाचा हिशेब कोणी ठेवला नाही.

या खोऱ्यात मानसिंह नावाचा मोठा दरोडेखोर होऊन गेला. गावातील वैरातून तो बीहडात उतरला होता आणि १९५५ साली पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. त्याचा पुत्र तहसीलदारसिंह तुरुंगात फाशीची शिक्षा भोगण्याची वाट पाहत होता. त्याने आचार्य विनोबा भावे यांना पत्र लिहून भेटीची इच्छा कळवली. विनोबा तेव्हा भूदानासाठी देशभर पायी फिरत होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंह यांना त्याच्याकडे पाठवले. पुढे यदुनाथसिंह स्वतः बीहडात जाऊन फरारी लोकांना भेटले, आणि १९६० च्या मे महिन्यात विनोबांची पदयात्रा त्या खोऱ्यात शिरली.

विनोबांचे वय त्या वेळी ६४ वर्षांचे होते. हातात शस्त्र नाही, डोक्यावर उन्हाळ्याचे ऊन, आणि रोज एका गावाहून दुसऱ्या गावास चालत जायचे. मुक्कामाच्या गावी सभा होई. त्या यात्रेत एकामागून एक असे २० जण येऊन शरण झाले. लोकमन दीक्षित हे त्यांतलेच. विनोबांनी त्यांना माफी देऊ केली नव्हती, तसा अधिकारही त्यांच्यापाशी नव्हता. आलेल्यांना कायद्याला तोंड द्यावेच लागले. त्यांच्यावर खटले चालले. हे ठाऊक असूनही ते आले. तहसीलदारसिंहाची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली.

विनोबा आपल्याच भाषेचे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ साली त्यांचा जन्म झाला. 'गीताई' आपल्या घरोघरी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. म्हणजे गीतेचे हे विवरण ज्यांनी प्रथम ऐकले, ते तुरुंगातील बंदीच होते. ज्या सोळाव्या अध्यायापाशी आपण अडलो आहोत, तो तुरुंगाच्या भिंतीआड समजावून सांगणारा पुरुष २८ वर्षांनी चंबळच्या काठी तोच अध्याय पायांनी चालून दाखवीत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे कार्य एका यात्रेने संपले नाही. सर्वोदयाचे कार्यकर्ते खोऱ्यात टिकून राहिले. १९७० साली डॉ. सुब्बाराव यांनी मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे महात्मा गांधी सेवा आश्रम स्थापिला. १९७१ साली माधोसिंह हा नामांकित दरोडेखोर वेष पालटून, खोट्या नावाने पाटण्यास जयप्रकाश नारायण यांच्या घरी गेला आणि 'आम्हांस शरण यावयाचे आहे, मार्ग काढा' अशी त्याने विनवणी केली. जयप्रकाशजींची प्रकृती ठीक नव्हती, तरी त्यांनी हे काम अंगावर घेतले. सरकारांशी बोलणी झाली. शरण येणाऱ्यांस फाशी होणार नाही, एवढे मान्य करून घेण्यात आले. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौरा येथे गांधीजींच्या तसबिरीपुढे मोहरसिंह, माधोसिंह आणि त्यांच्या टोळ्यांनी बंदुका ठेवल्या. पुढे शरण आलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. त्यांच्यासाठी मुंगावली येथे खुले कारागृह निघाले.

या हकीकतीतील एक गोष्ट मला विशेष वाटते. १९७२ च्या त्या कामात बीहडात जाऊन बागींची मने वळवणाऱ्यांत तहसीलदारसिंह व लोकमन दीक्षित हे स्वतः होते. बारा वर्षांपूर्वी ज्यांना कोणीतरी येऊन भेटले होते, तेच आता दुसऱ्यांना जाऊन भेटत होते.

त्यापासून काय घ्यावे

पहिला बोध अभयाचा. बंदूक खांद्यावर असलेला माणूस निर्भय असतो, असे आपणांस वाटते. बीहडातील माणूस मात्र पोलिसाला भितो, खबऱ्याला भितो, विरोधी टोळीला भितो, आणि रात्री स्वतःच्या साथीदारालाही भितो. शस्त्र हे त्याच्या भीतीचेच वस्त्र असते. ते उतरवून, 'हे मी केले' असे चार लोकांत म्हणणे यास जे लागते, तेच अभय. म्हणूनच गुणांच्या मालिकेत अभय पहिले आणि अहिंसा त्यामागून येते, असे मला वाटते. भ्यालेल्या माणसाकडून अहिंसा साधत नाही.

दुसरा बोध ऐकण्याचा. या माणसांना उपदेश नवा नव्हता. देवीची पूजा करून दरोड्यास निघणारे लोक ते. पाप कशास म्हणतात हे त्यांस ठाऊक होते. नवे होते ते इतकेच, की कोणीतरी शस्त्रावाचून त्यांच्यापाशी आले, बसले आणि त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले.

तिसरा बोध न्यायाचा. अहिंसा म्हणजे अपराधावर पांघरूण नव्हे. विनोबांच्या कार्यावर त्या वेळी पोलीस अधिकाऱ्यांकडून टीका झाली. दरोडेखोरांस हार घातले जातात आणि प्राण देणाऱ्या शिपायास कोणी विचारीत नाही, हा आक्षेप पोकळ नव्हता. म्हणूनच शरण आलेल्यांनी शिक्षा भोगणे हे त्या शस्त्रत्यागाचे आवश्यक अंग होते. प्रायश्चित्तावाचून पश्चात्ताप अपुरा राहतो.

चौथा बोध चिकाटीचा. १९७२ नंतरही खोऱ्यातून बंदुका नाहीशा झाल्या नाहीत. १९८२ साली मलखानसिंह आणि १९८३ साली फूलनदेवी यांनी शस्त्रे ठेवली, याचाच अर्थ दरम्यान नव्या टोळ्या उभ्या राहिल्या होत्या. जमिनीचे तंटे, जातींचा ताठा व न्यायाचा विलंब ही मुळे जमिनीत राहिली, तर झाड पुन्हा फुटते. शांतीचे काम शेतीसारखे आहे. एका पेरणीवर जन्मभर खाता येत नाही.

आपल्या घरातील बीहड

कोणी म्हणेल, आमच्या घरात बंदूक नाही; हा पाठ आम्हांस कशाला? तेव्हा थोडे घराकडे वळू.

कामावरून परतलेल्या पुरुषाच्या चपलांचा आवाज ओळखून मुले खेळ थांबवतात, आमटीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवले जाते, नोकरीतील अपमान घरातील दुबळ्या माणसावर उतरतो. हात उगारला जातो तेथे तर बोलावयासच नको. ही हिंसाच आहे. आणि तिच्या आड बहुधा एक न बोललेले दुःख असते: कर्ज, आजार, बेकारी, वडिलांशी तुटलेले नाते. पुरुषाने रडू नये व हार सांगू नये, असे आपण त्याला लहानपणी शिकवलेले असते. म्हणून ते दुःख बाहेर येताना राग होऊन येते, किंवा बाहेर न येता त्याच माणसाला गिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत पुरुष १,२२,७२४ होते, म्हणजे शंभरात सुमारे ७२. ज्याला आपण कडकपणा म्हणतो, तो पुरुषाचे स्वतःचेही रक्षण करीत नाही, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

आपल्या स्त्रियांना संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहे, श्रावणात मंगळागौर आहे. त्या निमित्ताने एक दुसरीपाशी मन मोकळे करते. पुरुषांचे काय? आपण भेटतो तेव्हा क्रिकेट, निवडणूक आणि भाव एवढेच बोलतो. शेजारी बसलेल्या गृहस्थाची नोकरी सहा महिन्यांपूर्वी गेली, हे आपणांस त्याच्या पत्नीकडून आपल्या पत्नीमार्फत कळते.

आता माझे सांगतो. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात पूजेच्या पाळीवरून माझा व माझ्या चुलत बंधूंचा वाद झाला. ते मजहून नऊ वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणतो. बोलता बोलता मी हातातील पंचपात्र गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आपटले. त्याला पडलेला पोचा आजही दिसतो. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. गेल्या संक्रांतीस आईने त्यांच्याकडचा तिळगूळ शेजारच्या मुलाच्या हाती पाठवला, आणि मी ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले. रोज देवापुढे उभा राहून मी क्षमेचे मंत्र म्हणत होतो, आणि मनात म्हणत होतो की, पुरुषाने आपण होऊन खाली का वाकावे?

सोळाव्या अध्यायाच्या वाचनानंतर चार दिवसांनी मी दादांच्या घरी गेलो. खरे सांगावयाचे तर दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलो, आणि तिसऱ्या खेपेस दार वाजवले. पंचपात्र आपटताना मला मुळीच भय वाटले नव्हते. 'माझे चुकले' म्हणावयास जाताना मात्र पाय लटपटत होते. अभय पहिले का, हे मला त्या कोपऱ्यावर कळले.

वहिनींनी दार उघडले. दादा गंध उगाळीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बैस." मी म्हणालो, "दादा, पंचपात्र आपटले ते चुकले. देवापुढे तसे करावयास नको होते, आणि तुमच्यापुढेही." बराच वेळ सहाणेवर खोड फिरत राहिले. मग ते म्हणाले, "पाळी कोणाची होती, ते आता मलाही नीट आठवत नाही. पण राग गेला आहे, असे खोटे सांगणार नाही. गुरुवारी ये. तेव्हा बोलू." वहिनींनी चहा दिला, तो पिऊन मी उठलो. एवढेच घडले. त्यानंतरचे दोन गुरुवार मी गेलो आहे. पाळीचा निकाल अजून लागलेला नाही, परंतु बोलणे सुरू आहे.

बैठकीचा संकल्प

हे सारे ती. अण्णांना व विश्वस्त मंडळींना सांगितल्यावर असे ठरले की, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सायंआरतीनंतर सभामंडपात पुरुषांची बैठक भरवावी. वयाची अट नाही. मिसरूड फुटलेल्या मुलांसही अवश्य आणावे. नियम थोडे आहेत. एक बोलेल तेव्हा इतरांनी ऐकावे. मागितल्यावाचून सल्ला देऊ नये. मंडपात ऐकलेले मंडपातच ठेवावे. कोणाची टर उडवू नये. आणि ज्यास बोलावयाचे नसेल, त्याने नुसते बसावे. बसण्यालाही मोल आहे. पहिली बैठक ३० जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या आठवड्यात व्हावी, असा विचार आहे.

यासोबत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या घरात मारहाण होते, तेथे आधी त्या स्त्रीची व मुलांची सुरक्षितता. पुरुष बैठकीस येतो म्हणून तिने सोसत राहावे, असा अर्थ कोणी काढू नये. स्त्रियांच्या साहाय्यासाठी १८१ हा क्रमांक आहे. आणि ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येतो, त्याने रविवारची वाट पाहू नये. घरच्या माणसास सांगावे, डॉक्टरांकडे जावे, किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. असे साहाय्य मागणे हेसुद्धा पौरुषच आहे.

वयोवृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मजपुरते असे आहे: संसार ओढावयास पौरुष लागते, यात शंका नाही. परंतु ते बळ ओढण्याचे आहे, आपटण्याचे नव्हे. जग बोटावर नाचवील या भयाने जो कडक होतो, त्याला त्या भयाने आधीच नाचवले आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या घरातील माणसे माझ्यापासून कोणती गोष्ट लपवतात, आणि का?
२. गेल्या वर्षात मी 'माझे चुकले' असे कोणास म्हटले? कोणास म्हणावयाचे राहिले?
३. चंबळच्या बागींना शरण येताना शिक्षा भोगावी लागली. माझ्या चुकीची भरपाई मी कशी करीन?
४. माझ्या ओळखीतील कोणता पुरुष अलीकडे गप्प झाला आहे? त्याच्यापाशी मी केव्हा जाऊन बसेन?

या प्रश्नांची उत्तरे कोणास दाखवावयाची नाहीत. घरच्या देव्हाऱ्यापुढे बसून ती स्वतःस द्यावीत.

येत्या संक्रांतीस आमच्या घरचा तिळगूळ मीच दादांकडे घेऊन जाणार आहे. ज्यांच्या घरी असा एखादा तिळगूळ दुसऱ्याच्या हाती जात असेल, त्यांनी या वर्षी तो स्वतः न्यावा, आणि तो नेण्याइतके अभय श्रीकृपेने सर्वांस लाभावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

इति शुभम्.